दुकानाची पाटी : लखलखाट नको, स्थिर उजेड हवा

२०२२ साली राज्य सरकारने दुकानांच्या पाट्यांचा कायदा दुरुस्त केला. पुढे व्यापाऱ्यांच्या याचिकेवर सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांत मराठी पाट्या लावा असे सांगितले, तेव्हा आपल्या पुण्यातही पाट्या बदलण्याची एकच धांदल उडाली. आम्हीही रविवार पेठेतील आमच्या कापडाच्या दुकानावर एलईडीची नवी पाटी चढविली. पायऱ्यांच्या कडेला व्हीलचेअरसाठी उतार केला आणि तो दाखविणारा छोटा उजेडाचा फलक काउंटरच्या वर लावला. नेक काम झाले म्हणून आम्ही खूश होतो. फक्त एका ठिकाणी आम्ही घासाघीस केली. आतल्या ड्रायव्हरचा, म्हणजे घरातील वीज एलईडीला सोसेल अशी करून देणाऱ्या डबीचा, सर्वांत स्वस्त माल उचलला.

पंधरा दिवसांनी आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक, सत्तरी ओलांडलेल्या खालाजान, काउंटरवर येऊन लगेच मागे सरकल्या. म्हणाल्या, "बेटा, तुझ्यापाशी आले की कानात भुंगा शिरतो. तू काय बोलतोस ते कळतच नाही." फोनवर बोलता यावे म्हणून त्यांनी कानाचे यंत्र 'टी' खुणेवर ठेवलेले होते. त्यानंतर नजर कमजोर असलेल्या एका तरुणाने सांगितले की त्या फलकावरची अक्षरे थरथरतात, दोन क्षण पाहिले तरी डोके धरते. ज्यांच्यासाठी फलक लावला तेच त्यापासून दूर पळत होते!

तपकीर गल्लीतून आम्ही एका अनुभवी वायरमनला घेऊन आलो. त्याने समजावलेली गोष्ट सोपी आहे. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा जोर धरते. म्हणून उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापलेलीच राहते, त्यामुळे तो फरक जाणवत नाही. एलईडी मात्र विजेच्या चढउताराला क्षणात जाब देते. चांगल्या ड्रायव्हरमध्ये कपॅसिटर हा खड्डा भरून काढतो, स्वस्त डबीत नेमकी त्याचीच काटकसर केलेली असते. विजेचा गोंगाटही तिथलाच. डबी वीज फार वेगाने तोडत-जोडत असते आणि फिल्टर नसेल तर तो खडखडाट तारांतून बाहेर पडतो. कानाच्या यंत्रातील 'टी'ची गुंडाळी चुंबकीय लहरी ऐकते, म्हणून तिला भुंगा ऐकू येतो.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना ही लुकलुक नवी नाही. चोकच्या ट्यूबखाली फिरते चाक थांबल्यासारखे दिसते, म्हणून शेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडण्याची रीत पडली. १९८९ साली ब्रिटनमध्ये एका कचेरीत साध्या चोकऐवजी उच्च वारंवारितेचे चोक बसविले, तेव्हा डोकेदुखी व डोळे शिणण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. डोळ्यांना स्पष्ट न दिसणारी लुकलुकही मेंदूला जाणवते, हाच त्याचा अर्थ. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप तर फेफऱ्याच्या काही रुग्णांना झटका आणू शकते. तेव्हा पळते-नाचते दिवे उताराच्या किंवा बाहेर जाण्याच्या फलकावर कधीच नकोत.

आम्ही काय बदलले ते व्यापारी बंधूंच्या उपयोगासाठी सांगतो.

पहिले, ड्रायव्हर. स्थिर करंट देणारा, आत फिल्टर असलेला घेतला. डबीवर 'आर'ने सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक पाहा. मात्र तो सुरक्षिततेचा दाखला आहे, लुकलुक नसल्याचा नव्हे. लुकलुकीचा आकडा दुकानदाराकडे वेगळा मागा. सेकंदाला १०० वेळच्या लुकलुकीत उजेडाचा चढउतार ८ टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी, असे २०१५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत म्हटले आहे.

दुसरे, डिमर काढून टाकला. बरेचसे स्वस्त डिमर दिवा वेगाने चालू-बंद करूनच उजेड कमी करतात. उजेड कमी हवा असेल तर पट्ट्या कमी लावा.

तिसरे, वायरिंग. फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून, एकमेकांना पीळ देऊन नेले. असे केले की दोन्ही तारांचे चुंबकीय क्षेत्र बरेचसे एकमेकांना खाऊन टाकते. पत्र्याच्या पेटीला अर्थिंग दिले, ढिले जोड पक्के केले. काउंटरवरचा फलक दाराजवळ नेला आणि डबीही त्याच्या मागेच ठेवली, म्हणजे गिऱ्हाईक बोलते तिथून ती लांब राहते.

तपासणीला पैसे लागत नाहीत. मोबाइलचा कॅमेरा पाटीवर धरा, पडद्यावर काळे पट्टे सरकले तर लुकलुक आहे. फलकाच्या उजेडात पेन झपाझप हलवा, एकाऐवजी अनेक पेने सुटी-सुटी दिसली तरी तेच. जुना ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मध्ये लावून पाटी चालू-बंद करा. खरखर वाढली तर गोंगाट तुमचाच.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि लोकांना सेवा देणारे खासगी व्यावसायिकही त्यात येतात. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे मेट्रो स्टेशन सुरू झाले, तेथून लिफ्टने वर येणारा वृद्ध किंवा दिव्यांग माणूस आता आपल्या पेठांत सहज येऊ शकतो. त्याला रस्ता दाखविणारी पाटीच त्याला त्रास देत असेल तर ती नसलेली बरी.

नवा ड्रायव्हर आम्हाला जवळपास दुप्पट भावात पडला. खालाजान परत आल्या, काउंटरशी निवांत बसल्या आणि नातीच्या लग्नाचे कापड घेऊन गेल्या. जाताना एवढेच म्हणाल्या, "आज तुझे बोलणे ऐकू आले."