अंदाजाने वाटणी होत नाही

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी लातूरहून धाकट्या भावाचा फोन आला. "आपा, सात गुणांनी राहिलो." पासाला 60 लागतात, त्याला 53 मिळाले होते. वय चाळिशीकडे झुकलेले, घरात दोन मुले, दिवसभर बांधकामाच्या साइटवर उभे राहायचे आणि रात्री अभ्यास करायचा. आम्ही दोघे नवरा-बायको नांदेडला शिक्षक आहोत. नापास झालेल्या मुलांच्या पालकांना काय सांगायचे ते आम्हाला पाठ आहे. पण आपल्याच भावाला काय सांगावे ते सुचेना.

परीक्षा होती मालमत्तेच्या मूल्यांकनाची. बँकेचे कर्ज काढताना घराचा रिपोर्ट तयार करायला जे गृहस्थ येतात, त्यांना आपण व्हॅल्युअर म्हणतो. कंपनी कायद्याच्या कलम 247 खाली 2017 साली नियम झाले. त्यानुसार कंपनी कायदा आणि दिवाळखोरी संहितेखालच्या कामांसाठी नोंदणीकृत मूल्यांकनकार लागतो. ही नोंदणी भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ, म्हणजे आयबीबीआय, करते. जमीन व इमारत, यंत्रसामग्री आणि आर्थिक मालमत्ता असे तीन वर्ग आहेत. जमीन-इमारतीच्या वर्गात स्थापत्य अभियंता, वास्तुविशारद किंवा नगररचनेचा पदवीधर बसू शकतो. पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव हवा. आधी मान्यताप्राप्त संस्थेचे सदस्य व्हायचे, तिचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा, मग दोन तासांची संगणकावरची परीक्षा. पास झाल्यावर तीन वर्षांच्या आत नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो.

एका गुणाची किंमत

पुढच्या रविवारी भाऊ एसटीने नांदेडला आला. ही परीक्षा संगणकावर होत असल्याने प्रश्नपत्रिका हातात राहत नाही. म्हणून त्याला आठवतील तेवढे विषय आम्ही कागदावर लिहायला लावले. समोर खूण करायची: खात्रीने लिहिले, अर्धे माहीत होते, ठोकून दिले. बांधकामाच्या भागात जवळजवळ सगळीकडे खात्रीची खूण पडली. कायदा, अर्थशास्त्र आणि हिशेब या भागांत मात्र "ठोकून दिले" ची रांग लागली.

"एकही प्रश्न सोडला नाही," तो म्हणाला. त्याला ते शौर्य वाटत होते.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी 25 टक्के कापले जातात. आमच्या यजमानांनी फळ्यावर लिहावे तसे वहीत लिहून दाखवले. समजा शंभर प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला एक गुण. साठ बरोबर आणि चाळीस कोरे सोडले, तर 60 गुण, पास. साठ बरोबर आणि चाळीस ठोकून चुकवले, तर दहा गुण जातात, हाती राहतात 50. सगळे प्रश्न सोडवायचेच असतील, तर 68 बरोबर यावे लागतात. भाऊ बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला.

मग नियम ठरला. चारपैकी दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत असे कळले, तरच उरलेल्या दोघांतून निवडायचे. काहीच कळत नसेल तर पुढे जायचे. "मला माहीत नाही" असे स्वतःशी कबूल करण्याचीही सवय लागते.

फूफींचा हिस्सा

त्या रात्री जेवताना जुना विषय निघाला. आमच्या दादांचे, म्हणजे अब्बांच्या वडिलांचे, नांदेडच्या जुन्या वस्तीत घर होते. त्यांच्या इंतकालनंतर चार मोठी माणसे बैठकीत बसली, चहा झाला आणि घराची किंमत अंदाजाने ठरली. त्यावरून फूफींचा हिस्सा काढून त्यांना पैसे दिले. दोन वर्षांनी शेजारचे तेवढेच घर दीडपट किमतीला गेले. फूफी काही बोलल्या नाहीत. ईदला येणे मात्र कमी झाले. कोणाची नियत वाईट नव्हती. मोजणारे कोणी नव्हते, एवढेच.

आता हिशेब पाहा. एक माणूस मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी ठेवून गेला. कर्ज, दफनखर्च आणि वसीयत वजा जाता तर्क्यात फक्त एक घर उरले. पत्नीला आठवा हिस्सा आणि बाकीचे मुलांत, मुलाला मुलीच्या दुप्पट. घर 40 लाखांचे असेल तर पत्नीला 5 लाख, दोन्ही मुलांना 14-14 लाख आणि मुलीला 7 लाख. बैठकीत त्याच घराची किंमत 30 लाख धरली, तर मुलीच्या हातावर 5 लाख 25 हजार पडतात. पावणेदोन लाख कमी, आणि तेही शरीअतप्रमाणे वाटणी केल्याच्या समाधानात! विधवा आईचेही सव्वा लाख जातात. घर ज्यांच्या ताब्यात राहते, त्यांच्याकडे हा फरक गुपचूप जमा होतो.

घरगुती वाटणीसाठी कायदा नोंदणीकृत मूल्यांकनकार सक्तीचा करत नाही. पण मापात घट करणाऱ्यांबद्दल कुरआनात सूरह अल-मुतफ्फिफीन आहे, हे आपण मुलांना शिकवतो. वाटणीच्या वेळी घराची किंमत हेही मापच आहे.

40 लाख कुठून आले?

भावाने त्याच घरावर आम्हाला तीन रीती समजावल्या. समजावता समजावता त्याचीच उजळणी झाली.

पहिली तुलनेची. दुय्यम निबंधकाकडे आसपासच्या खरेदीखतांची नोंद असते. तेवढ्याच जागेचे अलीकडचे व्यवहार पाहायचे, मग रस्ता, कोपरा, पाणी यांचा फरक धरायचा. लोक रेडी रेकनरचा दर हीच किंमत समजतात. तो दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. बाजारभाव त्याहून जास्तही असतो आणि कमीही.

दुसरी खर्चाची. जागा 1000 चौरस फूट, दर 3,400 रुपये धरला तर 34 लाख. बांधकाम 800 चौरस फूट, आज बांधायचे तर 1,250 रुपये दराने 10 लाख. इमारतीचे आयुष्य 60 वर्षे, त्यातली 24 संपली, म्हणून 40 टक्के घसारा. उरले 6 लाख. एकूण 40.

तिसरी उत्पन्नाची. लातुरात ती विशेष लागू पडते. "लातूर पॅटर्न"च्या शिकवण्यांसाठी गावोगावची मुले येतात आणि खोल्या भाड्याने जातात. वर्षाचे भाडे, त्यातून कर आणि दुरुस्ती वजा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नावरून किंमत.

पण आकड्यांच्या आधी जागा पाहावी लागते. लातूरच्या माणसाला 30 सप्टेंबर 1993 ची पहाट सांगावी लागत नाही. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींनीच माणसे गाडली. म्हणून भिंत कशाची आहे, हा इथे पहिला प्रश्न. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, म्हणून बोअरला पाणी किती, हा दुसरा. नांदेडला गोदावरीकाठच्या प्लॉटची पूररेषा पाहिल्याशिवाय दर सांगणे चुकीचे ठरते.

तीन रकान्यांची वही

खरी अडचण भाषेची होती. पेपर इंग्रजीत, भावाचे शालेय शिक्षण उर्दूत आणि साइटवरचे बोलणे मराठी-दखनीत. आम्ही त्याला तीन रकान्यांची वही करून दिली. डेप्रिसिएशन, घसारा, फर्सूदगी. मॉर्गेज, गहाण, रहन. ईझमेंट, सुविधाधिकार, हक्क-ए-आसाइश. एन्कम्ब्रन्स, बोजा, बार. शब्द आपल्या घरात आला की कायद्याचे कलम परके वाटत नाही.

इथे आमच्या भागाचा इतिहासही कामी आला. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि अनेक घरांत त्या काळचे उर्दू बैनामे अजून पेटीत आहेत. त्यातले "हुदूद-ए-अरबा" म्हणजे आजच्या खरेदीखतातली चतुःसीमा. इनाम जमीन, वर्ग 2 ची जमीन आणि वक्फची जमीन यांची किंमत साध्या विक्रीयोग्य जमिनीसारखी काढता येत नाही. सातबारावरचा "इतर हक्क" हा रकाना आधी वाचावा, मग फूटपट्टी काढावी.

एक प्रश्न मात्र त्याने घरच्या माहितीवरच चुकवला असावा. दान म्हणजे बक्षीसपत्र, आणि 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 123 स्थावराच्या दानाला नोंदणीकृत दस्त मागते. पण त्याच कायद्याचे कलम 129 मुस्लिम कायद्याच्या हिब्याचे नियम अबाधित ठेवते. आपल्या घरात हिबा झालेला असतो, पण कलम आपल्याला ठाऊक नसते.

आता

दहा आठवड्यांचे वेळापत्रक भिंतीवर आहे. फज्रनंतर एक तास कायदा, कारण तेव्हा साइटचे फोन येत नाहीत. रात्री पाऊण तास हिशेबाची उदाहरणे. बांधकामाचा भाग आठवड्यातून एकदाच, कारण आवडीचे तेच तेच वाचत बसण्यातच मागची वेळ गेली होती. रविवारी दोन तासांचा सराव पेपर. घड्याळ आमची मुलगी लावते आणि मामूला एक मिनिटही वाढवून देत नाही. पहिल्या सरावात 49 आले, चौथ्यात 58, परवा 63. कोरे सोडलेले प्रश्न पहिल्या वेळी शून्य होते, परवा अकरा.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. निकाल अल्लाहच्या हाती. भावाने मात्र एक काम आताच हाती घेतले आहे. दादांच्या घराची त्या सालची खरेदीखते तो निबंधक कार्यालयातून काढतो आहे. त्यांवरून त्या वेळची रास्त किंमत निघेल. कमी पडलेली रक्कम आम्ही सारी भावंडे मिळून फूफींना नेऊन देणार आहोत. फूफी घेतील की नाही, माहीत नाही. कागदावर आकडा तरी बरोबर असेल.