नकुशीचे नवे नाव : कौटुंबिक ताणतणाव आणि मुलींचे भावनिक स्वास्थ्य

प्रस्तावना

कौटुंबिक ताणतणावाच्या चर्चेत योगासने, ध्यानधारणा, वेळेचे नियोजन हे उपाय हमखास सुचविले जातात. ते निरुपयोगी नाहीत. परंतु त्यांत ताण ही एकट्या व्यक्तीची बाब मानली जाते. प्रत्यक्षात घरातील ताण एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो आणि पुष्कळदा सर्वांत दुबळ्या व्यक्तीपाशी येऊन थांबतो. सातारा जिल्ह्यातील ‘नकुशी’ हे नाव त्याचे ठळक उदाहरण होय.

नावामागील ताण

लागोपाठ मुली झालेल्या घरात आणखी एक मुलगी जन्मली की तिला ‘नकुशी’, म्हणजे नको असलेली, असे नाव द्यायचे. त्यामुळे पुढचे अपत्य मुलगा होईल, अशी ही समजूत. ओबडधोबड नावे मराठी समाजाला नवी नाहीत. मुले जगत नसलेल्या घरात मुलग्याला धोंडू, दगडू, केरबा म्हटले जाई. पण त्यामागे बाळाला दृष्ट लागू नये, ते जगावे, हा हेतू असे. नकुशीच्या नावात तिच्यासाठी काहीच मागितलेले नाही. मागणे आहे ते अद्याप न जन्मलेल्या भावासाठी. चीनमधील ‘झाओदी’ या नावाचा अर्थही धाकट्या भावाला बोलावणारी असाच आहे, तर हरियाणातील ‘भतेरी’ म्हणजे मुली आता पुरे.

रिचर्ड लाझारस व सुझन फोकमन यांनी १९८४ साली ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग मांडले : मूळ समस्या बदलणे आणि समस्येतून उठणाऱ्या भावना आवरणे. वंशाला दिवा हवा या अपेक्षेचा भार सुनेवर पडतो. अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते हे पाठ्यपुस्तकात असूनही दोष तिलाच लागतो. ती अपेक्षा बदलणे तिच्या हाती नसते. मग उरतो दुसरा मार्ग, आणि नकुशी हे नाव त्याच मार्गाचे एक रूप आहे. नाव ठेवल्याने घराला आशा मिळते. तिची किंमत मुलगी प्रत्येक हाकेला मोजते.

२०११ चा उपक्रम

सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव ज्या जिल्ह्यात आहे, तेथेच ही प्रथा टिकून राहावी हे खेदजनक आहे. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात झालेल्या समारंभात २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी सावित्री, कोणी वैशाली. त्याच वर्षीच्या जनगणनेच्या हंगामी आकडेवारीत सातारा जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात १००० मुलांमागे ८८१ मुली होत्या. शेजारच्या सांगलीत २००१ साली हे प्रमाण ८५१ इतके घसरले होते. आणि मार्च २०१७ मध्ये याच जिल्ह्यातील म्हैसाळ येथे १९ स्त्री-अर्भके पुरलेली सापडली. म्हणजे समारंभाने नाव बदलले, अपेक्षा नव्हे. तरीही उपक्रमाला निव्वळ दिखाऊ म्हणणे योग्य नाही. जे दुःख घराच्या उंबऱ्याआड होते, त्याला प्रथमच सार्वजनिक चूक म्हटले गेले.

महाविद्यालयासमोरील प्रश्न

त्या वेळी प्राथमिक शाळेत असलेल्या मुली आज विशीत आहेत. ज्यांचे नाव तेव्हा बदलले नाही, अशी एखादी विद्यार्थिनी हजेरीपटावर आली तर वर्गात तिचे नाव मोठ्याने पुकारणारे प्राध्यापकच असतात. कागदोपत्री बदल होईपर्यंत हजेरी क्रमांकाने घेता येते. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करता येतो. मात्र पुढे दाखला, गुणपत्रिका, आधार आणि बँक खाते यांतील नावे जुळविण्याची खटपट मोठी असते. ती एकट्या मुलीवर न सोडता महाविद्यालयाच्या कार्यालयाने तिला साहाय्य करणे उचित ठरेल.

घरातील हाक बदलणे त्याहून कठीण. आजीच्या तोंडी जुने नाव बसलेले असते. त्यात दरवेळी तिरस्कार असतोच असे नाही, कित्येकदा मायाही असते, आणि म्हणूनच मुलीला तक्रार करणे अवघड जाते. पालकांशी बोलताना प्राध्यापकांनी आग्रहाने नवे नावच वापरावे. आईला दोषी ठरविणारी भाषा मात्र टाळावी, कारण हा ताण प्रथम तिनेच सोसलेला असतो. मायलेकींपैकी कोणी फारच खचलेली आढळल्यास २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक त्यांना द्यावा. तेथे मराठीतून बोलता येते.