गाडीच्या रंगासाठी पॉलिश मशीन घेताना

डेंटिंग-पेंटिंग आणि गाड्या धुण्याच्या धंद्यात असलेले आपले अनेक कारागीर बांधव आता हाताने रबिंग करण्याऐवजी विजेवर चालणारे पॉलिश मशीन घेऊ लागले आहेत. चार तासांचे काम दीड तासात उरकते, हा फायदा उघड आहे. परंतु चुकीचे मशीन नवशिक्याच्या हातात पडले तर काही क्षणांत रंग जळतो. मग तो भाग पुन्हा रंगवून देण्याचा खर्च कारागिराच्या खिशातून जातो आणि गिऱ्हाईकही तुटते. म्हणून मशीन घेण्यापूर्वी पुढील गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

रंगाची जाडी किती?

आजच्या बहुतेक गाड्यांवर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. हे सर्व मिळून कंपनीच्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे वहीच्या कागदाच्या जवळपास निम्मा. ओरखडे काढायचे म्हणजे हाच थर थोडाथोडा घासायचा. तो एकदा संपला की पॉलिशने परत येत नाही. जुन्या गाड्यांच्या साध्या, एकाच थराच्या रंगावर पॅडला रंग लागणे स्वाभाविक आहे. परंतु क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला रंग दिसला, तर काम त्याच क्षणी थांबवावे.

मशीनचे दोन प्रकार

पहिला प्रकार रोटरी. यात पॅड एकाच जागी सरळ गोल फिरते. घासण्याची ताकद मोठी असते, पण उष्णताही एकाच ठिकाणी साठते. हात जरा रेंगाळला किंवा मशीन तिरके झाले की रंग जळतो, अथवा उन्हात दिसणारी चकाकत्या रेषांची जाळी राहते. सरावलेल्या उस्तादाच्या हाती हे मशीन उत्तम काम देते. नवशिक्यासाठी मात्र ते नव्हे.

दुसरा प्रकार ड्युअल ॲक्शन, म्हणजेच डीए. यात पॅड लहान घेऱ्यात हेलकावते आणि त्याच वेळी स्वतःभोवती मोकळे फिरते. दाब जास्त पडला की त्याचे फिरणे आपोआप मंदावते किंवा थांबते. त्यामुळे उष्णता कमी होते आणि रंग जळण्याचा धोका बराच घटतो. नवशिक्याने हेच मशीन घ्यावे. डीएमध्येही गिअरच्या जोरावर पॅड सक्तीने फिरवणारा एक प्रकार मिळतो. त्याचे पॅड दाबाने थांबत नाही, म्हणून तो सुरुवातीला टाळावा.

अँगल ग्राइंडरला पॅड बसते म्हणून त्याने पॉलिश करणारेही आढळतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, तर पॉलिशचे रोटरी काम बहुधा ६०० ते २,००० फेऱ्यांत होते. ही काटकसर फार महाग पडते.

घेताना काय पाहावे?

डीएवर लिहिलेला आकडा हेलकाव्यांचा असतो, फेऱ्यांचा नव्हे. म्हणून रोटरीच्या आकड्याशी त्याची तुलना करून मशीन जलद की मंद हे ठरवू नये. पॅडचा हेलकावा मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. ८ मिलिमीटरचे मशीन वळणदार भागांवर सोपे जाते, १५ चे सपाट भागावर लवकर काम उरकते. २१ चे बॉनेट आणि टपासाठी चांगले, पण वळणावर त्याचे पॅड अडते. पहिल्या मशीनसाठी ८ ते १५ च्या दरम्यान, पाच इंची प्लेटचे निवडावे.

वेग कमी-जास्त करण्याचे बटण हवेच. बटण दाबताच मशीन झटका न देता हळूहळू वेग घेते की नाही, हे दुकानात चालवून पाहावे. दोन्ही हातांत तोलून वजन पाहावे. बदली प्लेट आणि कार्बन ब्रश आपल्या गावात मिळतात का, हेही विचारावे. बाहेरदेशातून आणलेले ११० व्होल्टचे मशीन आपल्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास जळते.

मशीन इतकेच पॅडही महत्त्वाचे आहे. सुरुवात मऊ फोम आणि बारीक पॉलिशने करावी. लोकर व जाड कंपाउंड नंतर. पॅडचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे असतात, म्हणून रंगावरून नव्हे, तर लेबल वाचून पॅड घ्यावे.

पहिले काम

भंगारातून जुना दरवाजा किंवा बॉनेट आणून त्यावर हात बसवावा. गिऱ्हाइकाची गाडी आधी स्वच्छ धुवावी, कारण राहिलेला वाळूचा कण पॅडखाली नवे ओरखडे पाडतो. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना घ्यावी. कडा व उठावाच्या रेषांवर रंग पातळ असतो, तेथे मास्किंग टेप लावावी. बंपर प्लास्टिकचा असल्याने उष्णता लवकर सोडत नाही, तेथे वेग कमी ठेवावा. पॅड रंगावर टेकवूनच मशीन सुरू करावे. प्लेटच्या कडेला पेनाने एक खूण करावी. ती फिरताना दिसली नाही, तर दाब जास्त आहे किंवा मशीन तिरके आहे असे समजावे. दीड-दोन फुटांचा चौकोन घेऊन हात सावकाश चालवावा आणि मधूनमधून तळहाताने पत्रा तपासावा. तो कोमट असेल तर ठीक; चटका बसला तर थांबावे. वायर खांद्यावरून घ्यावी, चष्मा व मास्क वापरावा आणि ओल्या फरशीवर मशीन चालवू नये.

प्रत्येक ओरखडा निघतोच असे नाही. नखाला अडणारा ओरखडा बहुधा खोल असतो, आणि तो काढण्याच्या हट्टापायी क्लिअर कोट जातो. काम हाती घेण्यापूर्वीच गिऱ्हाइकाला गाडी उजेडात दाखवून, काय निघेल आणि काय राहील ते सांगावे. म्हणजे मागाहून वाद होत नाही.