जुन्या नाट्यगृहांची नावं बदलावीत का, आणि कुणाच्या नावाने?

आपण बालाघाटकरांना नामांतराचं नवल वाटायला नको. आपल्या गावाचं जुनं नाव बुढा. इंग्रजी कागदांत ते बुऱ्हा असं सापडतं. १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून नवा जिल्हा केला, घाटावरचा मुलूख म्हणून त्याला बालाघाट म्हटलं, आणि पुढे जिल्ह्याचंच नाव गावाला चिकटलं. इंपीरियल गॅझेटियरने ही गोष्ट एका वाक्यात उरकली आहे. बुढी या वस्तीच्या नावात तो जुना आवाज अजून ऐकू येतो, एवढंच. पण ज्याला हे माहीत नाही, तो जुन्या नोंदींत बालाघाट गाव शोधत बसतो आणि हात हलवत परत येतो. गाव होतंच, फक्त दुसऱ्या नावाने होतं.

आपल्या मंडळात गेले काही महिने एक विषय चालू आहे: जुनी सभागृहं, नाटकघरं, टॉकीज यांना थोर माणसांची नावं द्यावीत का. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. मी पेशाने इंजिनिअर, नाटकाचा मी फक्त प्रेक्षक. त्यामुळे मला आधी उदाहरणं तपासावीशी वाटली, मत नंतर.

सगळ्यात चांगलं उदाहरण कोल्हापूरचं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये नाट्यगृह बांधून पूर्ण केलं. नाव होतं पॅलेस थिएटर. संस्थानाच्या राजाने बांधलं म्हणून पॅलेस, इतका सरळ अर्थ. स्वातंत्र्यानंतर ते झालं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. केशवराव कोल्हापूरचे. जन्म ९ ऑगस्ट १८९०. १९०८ साली हुबळीला त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली, म्हणजे जेमतेम सतरा-अठरा वर्षांच्या पोराने नाटक कंपनी उभी केली. ४ ऑक्टोबर १९२१ ला ते गेले तेव्हा वय एकतीस. नामांतर करायचंच होतं तर याहून योग्य माणूस मिळाला नसता, हे मी आधीच कबूल करतो.

तरी त्यात काहीतरी हरवलं. ‘पॅलेस’ या शब्दात ही इमारत कुणाच्या पैशाने, कुणाच्या इच्छेने उभी राहिली याची नोंद होती. कुस्ती आणि नाटक शेजारी-शेजारी ठेवणाऱ्या राजाची ती खूण होती. केशवरावांचं नाव कलावंताची आठवण देतं, बांधणाऱ्याची देत नाही. शाहू महाराजांना कोल्हापुरात आठवणींची वाण नाही, त्यामुळे तिथे फारसं बिघडलं नाही. दुसरीकडे मात्र बिघडतं. भोपाळचा मिंटो हॉल घ्या. १९०९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो आले, त्यांच्या नावाने पायाभरणी झाली. १९५६ नंतर चाळीस वर्षं मध्य प्रदेशची विधानसभा तिथे भरली. २०२१ मध्ये त्याला कुशाभाऊ ठाकरे यांचं नाव देण्यात आलं. एका पाहुण्या लाटसाहेबाचं नाव गेलं याचं मला दुःख नाही. पण ज्या सुलतान जहाँ बेगमेने तो हॉल बांधवला, तिचं नाव ना आधी होतं ना नंतर आलं. दोन वेळा पाटी लिहिली, आणि दोन्ही वेळा बांधणारी बाहेरच. इंदूरचा किंग एडवर्ड हॉल, १९०४ सालचा, स्वातंत्र्यानंतर गांधी हॉल झाला. त्याबद्दल भांडण असण्याचं कारण नाही. एडवर्डचा इंदूरशी संबंध तेवढाच होता.

आता कोल्हापूरचाच पुढचा भाग. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह जळालं. रंगमंच, खुर्च्या, छप्पर, लाकूडकाम गेलं. दगडी भिंती उभ्या राहिल्या. कोल्हापूरची माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. पुन्हा तसंच बांधायचं असं ठरलं. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. तसंच बांधायचं म्हणजे जुने नकाशे, मापं, फोटो, दुरुस्तीची बिलं, नाटकांच्या जाहिराती, जे मिळेल ते गोळा करायला हवं. यातला जुना निम्मा माल ‘पॅलेस थिएटर’ या नावाखाली असणार, नंतरचा केशवरावांच्या. दोन्ही नावं ठाऊक असलेला माणूसच दोन्ही गठ्ठे उघडतो. नामांतराचा खरा खर्च हा आहे, आणि तो समारंभाच्या दिवशी कुणाला दिसत नाही.

आमच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते. बदल झाला की तिथे नवी ओळ लिहायची: बदल क्रमांक, तारीख, काय बदललं, कुणी मंजूर केलं. जुनी ओळ खोडायची नाही. नाट्यगृहाच्या दारावर अशी चौकट का असू नये, हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर वेगळ्या जातीचं. तिथे नाव बदललं नाही, नावासकटच इमारत जन्मली. ८ ऑक्टोबर १९६२ ला खुद्द बालगंधर्वांच्या हातून पायाभरणी झाली. १५ जुलै १९६७ ला ते गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या जन्मदिवशी, २६ जूनला, उद्घाटन झालं. म्हणजे ज्याचं नाव, त्याचा हात पायात. असं भाग्य फार थोड्या नावांना मिळतं. पण गेल्या काही वर्षांत तिथे उलटाच प्रश्न उभा राहिला: इमारत पाडून त्याच नावाचं मोठं संकुल बांधावं का? नाव टिकलं आणि भिंती गेल्या, तर काय टिकलं म्हणायचं? नागपूरकरांना हा प्रश्न नवा नाही. सीताबर्डीवरचं विदर्भ साहित्य संघाचं धनवटे रंगमंदिर, देणगीदाराच्या नावाचं, त्याची मूळ इमारत आता नाही. आपला जिल्हाही १९५६ पर्यंत नागपूरच्याच पंखाखाली. आपल्याकडच्या जुन्या मराठी घरांतून ‘धनवटेला पाहिलेलं नाटक’ अजून निघतं. नावाने आठवण धरून ठेवली, पण जागा दाखवता येत नाही.

जाता जाता एक गंमत. केशवराव आणि बालगंधर्व, ज्यांच्या नावाने कोल्हापूर आणि पुण्याची नाट्यगृहं ओळखली जातात, ते ८ जुलै १९२१ ला मुंबईत एकाच रंगमंचावर उभे होते. टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान: केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले.

भामिनीवरून पुढचा मुद्दा निघतो. आपल्या नाट्यगृहांची नावं ओळीने म्हणा: केशवराव, बालगंधर्व, दीनानाथ, विष्णुदास भावे, गडकरी, वसंतराव देशपांडे. रंगभूमीवर आयुष्य घातलेल्या बाईचं नाव शोधावं लागतं. डोंबिवलीला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे, आनंद आहे, पण त्यांचं काम दुसऱ्या क्षेत्रातलं. बालगंधर्व ज्या भूमिकांनी मोठे झाले त्या स्त्रियांच्या. खऱ्या स्त्रियांच्या वाट्याला पाटी येत नाही. याच ललितकलादर्शने १९१२ च्या सुमारास ‘संगीत दामिनी’ हे नाटक रंगभूमीवर आणलं, ते हिराबाई पेडणेकरांचं. त्या काळात बाईने लिहिलेलं नाटक व्यावसायिक मंडळीने करणं ही लहान गोष्ट नव्हती. कुणाच्या नावाने हा प्रश्न आला की मी हिराबाईंचं नाव पुढे करतो. बहुतेक लोक विचारतात, या कोण? हेच माझं उत्तर असतं.

कलकत्त्यात हाच हिशेब नुकताच चुकता करायचा प्रयत्न झाला. १८८३ मध्ये बीडन स्ट्रीटवर नवं थिएटर उभं राहिलं, ते नटी बिनोदिनी दासीमुळे. पैसा लावणारा गुर्मुख राय तिच्यासाठी आला होता, आणि मंडळीला थिएटर मिळावं म्हणून तिने आपलं आयुष्य त्या सौद्यात घातलं. थिएटरला तिच्या नावाचं आद्याक्षर मिळेल असं तिला सांगितलं गेलं. नोंदणी झाली ‘स्टार’ नावाने. वेश्यावस्तीतून आलेल्या बाईच्या नावाच्या थिएटरात सभ्य लोक येणार नाहीत, हे कारण. तिने पुढे आत्मचरित्रात हे लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. डिसेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने स्टारला बिनोदिनीचं नाव देण्याचं जाहीर केलं.

ऐकायला छान वाटतं. पण बारकाईने पाहा. बीडन स्ट्रीटची ती इमारत काही वर्षांतच विकली गेली, एमराल्ड झाली, पुढे क्लासिक झाली, आणि रस्तारुंदीत नाहीशी झाली. मंडळीने ‘स्टार’ हे नाव सोबत नेलं आणि १८८८ मध्ये हातीबागानला दुसरं थिएटर बांधलं. बिनोदिनीने त्याच्या आधीच रंगभूमी सोडली होती. आज जिथे तिचं नाव लागलं, त्या रंगमंचावर ती कधी उभी राहिलीच नाही. शिवाय ती हातीबागानची इमारतही १९९१ मध्ये जळाली आणि २००४ मध्ये नव्याने उघडली.

मग हे नामांतर चुकीचं का? माझ्या मते नाही. वचन ‘स्टार’ या नावाच्या जागी दुसरं नाव देण्याचं होतं, आणि ते मोडलं होतं. देणं इमारतीवर नव्हे, नावावर होतं, आणि नाव हातीबागानला येऊन पोहोचलं होतं. पण पाटीखाली हे सगळं लिहिलं नाही तर पन्नास वर्षांनी शाळेची पोरं तिथे येऊन म्हणतील, बिनोदिनी इथे नाचली. एक अन्याय दूर करताना एक खोटी गोष्ट जन्माला घालायची नाही, एवढी काळजी घ्यायला हवी. लंडनमध्येही ग्लोबचं गिल्गुड झालं १९९४ मध्ये आणि क्वीन्सचं सॉन्डहाइम झालं २०१९ मध्ये, तिकडे ही चाल नेहमीचीच आहे. पण तिथल्या जुन्या नावांची यादी कुणालाही सहज मिळते.

यावरून मी काही कसोट्या धरतो. त्या माणसाचा त्या इमारतीशी, निदान त्या रंगभूमीशी संबंध होता का? जुनं नाव एखाद्या साहेबाला खूश करायला दिलेलं होतं, की ते बांधणाऱ्याची किंवा जागेची खूण होतं? साहेबाचं असेल तर बदला, खूण असेल तर जपा. आणि इमारत उभी असताना नवं नाव देण्याचा मोह झाला, तर आतल्या रंगमंचाला, सभागृहाला, वाचनखोलीला द्या. अख्ख्या वास्तूला हात लावण्याची गरज बहुतेक वेळा नसतेच. राजकारणी माणसांच्या नावाबद्दल मी वेगळं लिहीत नाही. पहिली कसोटी लावली की ती बरीचशी आपोआप गळतात.

आपल्या भागाचा विचार करताना मला झाडीपट्टीचं उदाहरण फार जवळचं वाटतं. वडसा, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. शेतात मंडप पडतो, रात्रभर नाटक होतं, सकाळी मंडप निघतो. हजारोंनी प्रेक्षक, आणि नाट्यगृहच नाही, म्हणून नाव बदलण्याचा प्रश्नही नाही. नावं राहतात मंडळींची आणि नटांची. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीला पहिल्यांदा कळलं की इकडे असं काही आहे. आपल्याकडे कुणाच्या नावाने काही करायचंच असेल, तर आपल्या बोलीत नाटक करणाऱ्या या माणसांकडे आधी पाहायला हवं, असं मला वाटतं. पुण्या-मुंबईहून नाव आणून चिकटवण्याआधी.

आपल्या मंडळापुरती माझी सूचना अगदी साधी आहे. गावातल्या ज्या कुठल्या जुन्या सभागृहाचं नाव बदलायचा विषय निघेल, त्याचा ठराव मांडण्याआधी त्याच्या सध्याच्या पाटीचा, कोनशिलेचा आणि नगरपालिकेतल्या नोंदीचा फोटो काढून मंडळाच्या संग्रहात ठेवावा. कोनशिला असेल तर ती हलवू नये, तिच्यावर रंग देऊ नये. आणि नवी पाटी लागलीच, तर तिच्याखाली लहान अक्षरांत जुनं नाव आणि ते कोणत्या सालापर्यंत होतं, हे देवनागरीत लिहावं. माझ्याकडे त्या पाटीचा मसुदा तयार आहे. पुढच्या बैठकीत आणतो.