साखरपुड्याला माणकाची अंगठी? आधी भिंग मागा!

इतवारीच्या सराफ्यात माणिक बघायला निघालात ना? रंगाला भुलण्याआधी दहापट भिंग मागून घ्या. भेगांमध्ये चपटे बुडबुडे किंवा खडा फिरवताना निळसर झाक दिसली, की समजा आत शिशाची काच भरलीय. असल्या खड्याला लिंबाचा रसही खातो. अंगठी लहान-मोठी करताना सोनाराच्या आचेत तर तो कामातूनच जातो. नुसतं तापवलेलं माणिक मात्र खुशाल घ्या, बाजारात बहुतेक तसंच मिळतं. कृत्रिम माणिकही खोटं नव्हे, कठीणपणा तोच ९. फक्त भाव खाणीतल्या खड्याचा देऊ नका. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच लालबुंद दिसतं, म्हणून दाराशी, उजेडात बघा. आणि हॉलमार्क सोन्याचा असतो, खड्याचा नाही! प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र वेगळं मागा. पत्रिकेत माणिक चालतं का, ते घरच्यांनाच विचारा.