कमरेच्या चकतीची शस्त्रक्रिया

कमरेच्या चकतीची शस्त्रक्रिया (डिसेक्टॉमी) म्हणजे कमरेच्या दोन मणक्यांमधील चकतीचा जागा सोडून बाहेर आलेला आणि मज्जातंतूच्या मुळावर दाब देणारा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया होय. बोलीभाषेत या विकाराला 'गादी सरकणे', 'नस दबणे' किंवा 'मणक्यात गॅप येणे' असे म्हणतात. यांपैकी 'गॅप' हा शब्द दिशाभूल करणारा आहे; चकती झिजल्यावर दोन मणक्यांमधील अंतर वाढत नाही, उलट कमी होते. 'गादी सरकणे' हेही अर्धेच खरे आहे. चकती जागची हलत नाही. तिच्या बाहेरील तंतुमय कड्याला चीर पडून आतील मऊ गर बाहेर येतो. बहुतेक रुग्णांत हे कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमध्ये किंवा पाचवा मणका व त्रिकास्थी यांच्यामध्ये घडते. त्यामुळे नितंबापासून पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत जाणाऱ्या वेदनेस सायटिका म्हणतात.

पायातील या वेदनेचे कारण चकतीत असू शकते, हे बॉस्टन येथील मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखामुळे सर्वमान्य झाले. त्यापूर्वी शस्त्रक्रियेत सापडणारा हा गर कूर्चेची गाठ समजला जाई. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने लहान छेदातून करावयाची पद्धत (मायक्रोडिसेक्टॉमी) १९७७ मध्ये यासारगिल आणि कास्पर यांनी स्वतंत्रपणे मांडली.

शस्त्रक्रियेचा निर्णय

काही लक्षणांत निर्णयाला वाव नसतो. लघवी अडकणे किंवा तिच्यावरील ताबा सुटणे, गुदद्वाराभोवती व मांड्यांच्या आतील बाजूस बधिरपणा येणे, दोन्ही पायांतील शक्ती जाणे ही कॉडा इक्विना संलक्षणाची चिन्हे आहेत. अशा वेळी तातडीने शस्त्रक्रिया न केल्यास हानी कायमची राहू शकते. पायातील शक्ती दिवसेंदिवस कमी होत असेल (टाचांवर चालता न येणे, चालताना पायातील चप्पल निसटणे) तरीही थांबणे योग्य नसते.

उरलेल्या बहुसंख्य रुग्णांत प्रश्न केवळ वेदनेचा आणि वेळेचा असतो. सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांची वेदना औषधे, हालचाल व व्यायाम यांनी ओसरते. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते. पुष्कळ बाहेर आलेला, चकतीपासून तुटलेला तुकडा एमआरआयवर भयावह दिसतो, परंतु तोच लहान फुगवट्यापेक्षा अधिक वेळा विरघळतो. एमआरआयचा अहवाल एकटा पुरेसा नाही, हे १९९४ च्या एका अमेरिकन अभ्यासातही दिसले: कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींपैकी ५२ टक्क्यांच्या किमान एका चकतीत फुगवटा आढळला. अहवालातील चकती, वेदनेचा मार्ग आणि डॉक्टरांनी केलेली तपासणी या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच शस्त्रक्रियेचा उपयोग संभवतो. ही शस्त्रक्रिया मुख्यतः पायातील वेदनेसाठी आहे. केवळ कंबर दुखते म्हणून ती केल्यास निराशा पदरी पडण्याची शक्यता मोठी असते.

नेदरलँड्समधील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा ते बारा आठवडे तीव्र वेदना असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. लवकर शस्त्रक्रिया ठरलेला गट बरा होण्यास मध्यक कालावधी ४ आठवडे लागला, थांबलेल्या गटास सुमारे १२. मात्र वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, ही बाबही नोंदवण्याजोगी आहे. कॅनडातील २०२० च्या चाचणीत चार ते बारा महिने वेदना सोसलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेने सहा महिन्यांनंतरही स्पष्टपणे अधिक आराम मिळाल्याचे आढळले. म्हणजे शस्त्रक्रिया बहुधा बरे होण्याचा वेळ वाचवते. तो वेळ किती मोलाचा, हे रुग्णानेच ठरवायचे असते. घरी विश्रांती घेऊ शकणारा आणि रोजंदारीवर जगणारा यांचे उत्तर एकच असेल असे नाही.

'मणक्याचे ऑपरेशन केले की माणूस अंथरुणाला खिळतो' ही भीती सर्वत्र ऐकू येते. प्रौढांत मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवरच संपतो. त्याखाली मज्जातंतूंची मुळे असतात. त्यामुळे खालच्या चकतीच्या शस्त्रक्रियेत दोन्ही पाय लुळे पडणे अत्यंत विरळ आहे. आवरणास छिद्र पडणे, जंतुसंसर्ग, एखाद्या मुळास इजा हे धोके मात्र खरे आहेत.

पद्धत

बहुधा पूर्ण भूल देऊन, रुग्णास पालथे झोपवून दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून बाहेर आलेला भाग काढतात. संपूर्ण चकती काढली जात नाही. स्क्रू व सळ्या बसवून मणके जोडणे ही वेगळी शस्त्रक्रिया असून साध्या चकतीच्या विकारात ती सहसा लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतर

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णास चालवले जाते. पायातील कळ अनेकदा शुद्धीवर येताच गेलेली असते. बधिरपणा जायला आणि शक्ती परतायला आठवडे ते महिने लागतात. हा क्रम आधी माहीत नसल्यास शस्त्रक्रिया फसली असा समज होतो. बैठे काम साधारणतः दोन ते सहा आठवड्यांत, जड काम त्यानंतर बऱ्याच उशिरा सुरू करतात. सुरुवातीला वाकणे, ओझे उचलणे, मांडी घालून किंवा उकिडवे बसणे, दुचाकीवरून खडबडीत रस्त्याने जाणे टाळण्यास सांगितले जाते. या निर्बंधांना भक्कम पुरावा नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील अभ्यासांत निर्बंध न घातलेले रुग्ण लवकर कामावर परतले. चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने वेदना व अकार्यक्षमता लवकर कमी होते, असे २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसते.

शंभरातील साधारण पाच ते पंधरा रुग्णांत त्याच चकतीतून गर पुन्हा बाहेर येतो. सर्वांनाच दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही. ताप, जखमेतून स्राव, आराम पडल्यावर पुन्हा वाढत जाणारी तीव्र कंबरदुखी, पोटरीची सूज किंवा लघवी अडकणे यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता रुग्णालयात जावे लागते.