ठसे उमटवा, पण पान ओळखून

सुट्टी लागली की मुले कागदावर भेंडीचे, बटाट्याचे, पानांचे ठसे उमटवत बसतात. कागद चुरगाळून सरळ केला किंवा खळ लावून त्यावर बारीक वाळू पसरली, की खडबडीत पार्श्वभूमी तयार होते. छंद चांगला आहे आणि खर्चही नाही. मात्र मूल कोणते पान तोडून आणते, याकडे पालकांनी लक्ष द्यावे.

बारामती-इंदापूर भागात कालव्याच्या कडेला व बांधावर गाजर गवत वाढते. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले हे तण पुढे देशभर पसरले. त्याच्या नक्षीदार पानाचा मुलांना मोह पडतो. पण त्याच्या स्पर्शाने काहींना खाज व पुरळ येते, तर परागकणांमुळे शिंका आणि दम्याचा त्रास होतो.

रुईचे पान त्याहून धोक्याचे. तिचा चीक डोळ्यात गेल्यास सुरुवातीला फारसे दुखत नाही, पण नंतर नजर अंधुक होते. अशा वेळी डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावा व लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. कण्हेर व धोतराही विषारी असल्याने टाळावा.

ठशासाठी पेरू, जास्वंद, कढीपत्ता ही पाने उत्तम. शिरांची बाजू रंगवून दाबावी. रंगासाठी हळद किंवा बिटाचा रस चालेल. शेंदूर नको, त्यात शिसे असू शकते. खेळ संपल्यावर हात साबणाने धुऊन मगच मुलांना जेवायला बसवावे.